पिशवी काढलीत, दातांचं कोण बघणार?

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि ज्यांच्या टेबलावर आरोग्य तपासणीचे फॉर्म तयार होतात त्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्यानंतर आमच्या गावात ऊसतोडीला निघणाऱ्या बायांची आरोग्य तपासणी झाली. टेबलं शाळेच्या व्हरांड्यात लागली होती, म्हणून मधल्या सुट्टीत मी तिथंच उभी होते. वजन झालं, रक्तदाब झाला, बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. माझ्या वहिनीचा नंबर आला. ती म्हणाली, "दादा, माझे खालचे दात हलतेत. भाकर तुटंना." तपासणारा मुलगा नम्र होता. त्यानं फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, दाताचा रकाना नाही ह्यात."

तो खोटं बोलला नाही. मी फॉर्म हातात घेऊन पाहिला. रकाना खरंच नव्हता. 'पिशवीचं (म्हणजे गर्भाशयाचं) ऑपरेशन झालं आहे का' हा प्रश्न मात्र होता आणि त्यापुढं 'हो'वर खूण झाली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. त्या संबंधाबद्दलच हे पत्र आहे, आणि ते उघड लिहितेय, कारण आमच्या भागात घराघरांत 'पिशवी काढलेली' बाई आहे आणि तिनंही हे वाचावं असं मला वाटतं.

माझी ओळख एवढीच, की मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. माझा जन्म कारखान्याच्या तळावरच्या कोपीतला, म्हणजे झोपडीतला. मी शिकले, नोकरीला लागले. थोरला भाऊ मात्र कोयत्यावरच राहिला, आणि लग्नानंतर वहिनीही त्याच्या जोडीनं फडात उतरली. वहिनी सत्तेचाळीस वर्षांची आहे, मी अठ्ठेचाळीस. दोघींचंही ऑपरेशन झालंय. तिचं अठ्ठाविसाव्या वर्षी, माझं एकोणचाळिसाव्या. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, पोटात दुखायचं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाची उचल, म्हणजे आधीच घेतलेली आगाऊ रक्कम, अंगावर होती, खाडा झाला की पैसे कापले जायचे, तेव्हा ती एकदाची काढून मोकळी झाली. माझ्या पिशवीत गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता. माझं ऑपरेशन गरजेचं होतं असं मी आजही मानते. पण ते करताना दोन्ही बीजांडकोशही काढले. "पुढची कटकटच नको," असं डॉक्टर म्हणाले आणि मी मान हलवली. कटकट म्हणजे काय आणि ती कुठून सुरू होईल, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या खालच्या पुढच्या दातांत फटी पडल्या. मग वरची एक दाढ हलू लागली. तालुक्याच्या गावी दाखवलं, तर पायरिया आहे म्हणून दाढ काढली. वर्षभरात दुसरी काढली. दात पक्के बसवायचे तर एकेकाला तीस हजार सांगितले, तेही 'हाड असेल तर'. हाड असेल तर म्हणजे काय, हे विचारायला मी शहरातल्या दंत महाविद्यालयात गेले. तिथं पदव्युत्तर शिकणारी एक मुलगी होती, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींएवढीच. तिनं दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढायला लावला, त्याला ओपीजी म्हणतात. तो उजेडावर धरून तिनं पहिला प्रश्न विचारला: "मॅडम, तुमची पाळी कधी गेली?"

मी क्षणभर लाजले. दाताच्या दवाखान्यात हा कसला प्रश्न! पण तीन दवाखाने आणि दोन दाढा एवढ्या प्रवासात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच होती.

तिनं जे समजावलं ते मी वर्गात सांगावं तसं सांगते. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. जबड्याच्या कडेला हाडाची एक वरंब्यासारखी कड असते आणि तिच्यात प्रत्येक मुळासाठी एक खळगा. मूळ आणि खळग्याची भिंत यांच्यामध्ये बारीक तंतूंची झूल असते, तिच्यावर दात पेललेला असतो. आम्हा शेतकऱ्याघरच्यांना हे चटकन कळतं. बैल बांधायचा खुंटा मोडत नाही. भोवतीची माती सुटते आणि खुंटा हलायला लागतो. माझी दाढ काढली तेव्हा ती अख्खी, न किडलेली होती. माती सुटली होती.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडं कुरतडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. जबड्याच्या ह्या कडेला चावण्याचा दाब सतत पडत असल्यामुळं तिथं ही उलाढाल अंगातल्या बऱ्याच हाडांपेक्षा जोरात चालते. कुरतडणाऱ्या पेशींना कामाला लावणारं एक प्रथिन असतं, त्याला रँक-एल म्हणतात. त्याला मधेच अडवणारं दुसरं असतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन. बीजांडकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन अंगात आहे तोवर पारडं अडवणाऱ्याकडे झुकलेलं राहतं. इस्ट्रोजेन गेलं की सांगावा मोकळा सुटतो, दाह वाढवणारी रसायनंही वाढतात, आणि जेवढं कुरतडलं जातं तेवढं भरून निघत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज सर्वांत वेगानं होते.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे सगळं काही वर्षं घेत हळूहळू होतं. आपल्याकडे त्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. बीजांडकोश काढले तर ते एका दुपारी होतं. आणि पिशवी काढून बीजांडकोश ठेवले, तरी ते इतर बायांपेक्षा काही वर्षं आधी थकण्याचा संभव असतो. अशा बाईला तर पाळीच नसते, त्यामुळं ते कधी थकले हे कळायची खूणही तिच्याकडे उरत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मुलीनं बजावून सांगितली आणि मीही बजावते, म्हणजे उद्या कुणी 'बाईंनी घाबरवलं' म्हणायला नको. नुसतं इस्ट्रोजेन गेलं म्हणून निरोगी हिरडीतले दात गळून पडत नाहीत. ह्या विषयावरचे सगळे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. दाताचं हाड खाणारा मुख्य चोर म्हणजे दातावर साचणारं किटण आणि त्यातले जंतू. पण इस्ट्रोजेन हा घरचा राखणदार. तो गेला की त्याच चोराला दार उघडं मिळतं. तोंड कोरडं पडायला लागतं, लाळ कमी झाली की जंतूंचं फावतं, आणि ज्या हिरडीनं एरवी वीस वर्षं काढली असती ती पाच वर्षांत हात टेकते. त्यात आमच्याकडे मिश्री. १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात बंदी आली. पण मिश्री आमच्या घरी तव्यावर भाजली जाते, तिला कोण बंदी घालणार? वहिनी पहाटे तीनला उठते, भाकरी थापते आणि फडात जायच्या आधी मिश्री लावते. भूक मरते, कळ दबते. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आणखी आखडतो, त्यामुळं रक्त येत नाही आणि बाईला वाटतं की हिरडी ठणठणीत आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कागदाची आहे. वहिनीचे बीजांडकोश काढले की ठेवले, हे आज कुणालाही माहीत नाही. तिला नाही, माझ्या भावाला नाही. डिस्चार्जचा कागद कोपीत भिजून गेला. होता तेव्हा मी पाहिला होता, त्यावर इंग्रजीत दीड ओळ होती आणि ती मलाही लागली नव्हती. बाईच्या अंगातून काय बाहेर काढलं हे बाईला तिच्या भाषेत लिहून मिळू नये? ट्रॅक्टरचा सुटा भाग बदलला तरी मेकॅनिक जुना भाग हातात देतो. माझ्याकडे माझा कागद आहे, त्यावर सगळं नीट लिहिलेलं आहे. पण 'काळजी घ्या' ह्या शीर्षकाखाली काय? जड उचलू नका, टाके ओले करू नका, सात दिवसांनी दाखवा. हाडांचा उल्लेख नाही, दातांचा तर दुरूनही नाही.

दुसरी तक्रार औषधाची. मी एकोणचाळीस वर्षांची होते. एवढ्या लवकर बीजांडकोश काढले, तर पाळी एरवी जिथं गेली असती त्या वयापर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन देण्याचा विचार करावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, असं काही आड येत नसेल तर. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ह्या गोळ्यांची जगभर धास्ती बसली, हे मी नंतर वाचलं. पण त्या अभ्यासातल्या बायांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. चाळिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बाईला तो हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. मला गोळ्या द्यायलाच हव्या होत्या असं मी म्हणत नाही. मला विचारायला हवं होतं. घाम फुटतो, रात्री झोप लागत नाही असं सांगायला गेले, तेव्हा मला बी-कॉम्प्लेक्स मिळालं आणि "मन रमवा" असा सल्ला. पन्नास पोरांच्या वर्गात मन रमवायला वेगळं काय करायचं, हे नाही सांगितलं.

तिसरी तक्रार दाताच्या खुर्चीची आहे, आणि ती सर्वांत मोठी. आमच्या भागात दाताचा उपचार म्हणजे दात काढणं. काढणं स्वस्त आहे आणि एका फेरीत होतं. हिरडीखालचं किटण खरवडून काढायला चार फेऱ्या लागतात, आणि कोयत्यावरच्या बाईकडे चार फेऱ्या नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती जाते, मार्च-एप्रिलमध्ये परत येते. मधले महिने ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर असते. तिथं दात ठणकला तर मेडिकलमधून गोळी, नाहीतर उसाच्या फडातच गालात लवंग. वहिनीचे दात असे एकेक करून गेले. एका शिबिरात तर एकाच दिवशी चार काढले. शिबिराच्या फलकावर 'मोफत' लिहिलं होतं. आता एक हिशेब ऐका. दात काढल्यावर त्या जागचं हाड आटायला लागतं, कारण दात नसेल तर हाडाला तिथं राहण्याचं कारणच उरत नाही. वर्षभरात कडेची रुंदी जवळपास निम्म्यावर येते, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणजे आधीच पाझरणाऱ्या हाडाला आपण आणखी एक भोक पाडतो. पुढं कवळी करायची म्हटलं तर तिला टेकायला कड शिल्लक नसते. मग ती बोलताना उडते, जेवताना घसरते, आणि बाई ती डब्यात ठेवून देते. आमच्या गल्लीत अशा तीन कवळ्या डब्यात आहेत. मी मोजल्यात.

त्या चार दातांतले किमान दोन वाचले असते, असं त्या डॉक्टर मुलीनं वहिनीचा एक्स-रे बघून सांगितलं. ती हे हळू आवाजात म्हणाली, आणि वहिनी तेव्हा बाहेर बाकावर होती. मी अजून तिला सांगितलेलं नाही. हे पत्र कुणी तिला वाचून दाखवलं तर कळेल.

चौथी तक्रार थोडक्यात. हाडं ठिसूळ झालेल्या बायांना आता वर्षाला एक इंजेक्शन किंवा आठवड्याला एक गोळी देतात. औषध चांगलं आहे, मणका आणि खुबा वाचवतं. पण ते चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. प्रमाण फार कमी आहे, म्हणून कुणी औषध सोडू नये. फक्त क्रम असा हवा: आधी तोंड तपासा, काढायचे ते दात काढा, हिरड्या नीट करा, मग इंजेक्शन. आमच्या एका निवृत्त बाईंना इंजेक्शन आधी मिळालं आणि दातवाल्याकडे त्या नंतर गेल्या. आता हाडवाला म्हणतो दातवाल्याला विचारा, दातवाला म्हणतो हाडवाल्याची चिठ्ठी आणा. एसटीचं भाडं बाईंचं.

पाचवी तक्रार वयाची आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मिळू शकते. चांगली गोष्ट आहे. अट, वय साठ. अठ्ठाविसाव्या वर्षी पिशवी गेलेल्या बाईचे दात सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले, तर तिनं तेरा वर्षं काय करायचं? म्हातारपण तिला तुमच्या दाखल्याच्या आधी आलं, ह्यात तिची चूक काय? शेजारच्या कर्नाटकानं दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत कवळी देणारी 'दंतभाग्य' योजना काढली. आमच्या बाया त्याच कर्नाटकातला ऊस तोडून येतात. ऊस त्यांचा तोडतात आणि दात इथं येऊन पाडतात.

तुम्ही म्हणाल, बाई, पिशवीच्या प्रश्नावर आम्ही काम केलंय. केलंय, मी नाकारत नाही. २०१९ साली बातम्या आल्या, सभागृहात आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६च्या, देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर होतं. पुढं २०२२ साली केंद्रानं नको असलेली ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. ह्या सगळ्याचा रोख पुढची ऑपरेशनं थांबवण्यावर आहे. तो असायलाच हवा. पण ज्यांची झाली आहेत, त्या १३,८६१ जणींचं काय? त्या मोजल्या गेल्या, छापल्या गेल्या, आणि परत फडात गेल्या. त्यांच्यापैकी किती जणींचे बीजांडकोश काढले होते? आज त्यांच्या तोंडात किती दात आहेत? निदान माझ्या पाहण्यात ते मोजायला आमच्या गावात कुणी आलेलं नाही.

दात ही चैन आहे, आधी जीव, असंही कुणी म्हणेल. माझ्या वहिनीचं ताट सांगते. सकाळी चहात बुडवलेली भाकरी. दुपारी आमटीत कुस्करलेली भाकरी. शेंगदाणे नाहीत, हरभरा नाही, काकडी नाही, गाजर नाही. मटण सणाला शिजलं तर तिला रस्सा. हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात बसतात आणि ती भाजून देते. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण पोरांना पाठ करून घेतो. वहिनीला तर दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि आता भाऊ पोत्यानं हरभरा पिकवतो. तिचं हिमोग्लोबिन त्या दिवशी कमी आलं आणि लोहाच्या गोळ्यांची पाकिटं मिळाली. ज्या हिमोग्लोबिनचा रकाना तुम्ही इतक्या निगुतीनं भरता, त्याची वाट तोंडातूनच जाते ना? पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. ते पानाफुलातून मिळवायचं तर चावावं लागतं.

मागण्या मोठ्या नाहीत. एम्स मागत नाही.

पिशवीचं ऑपरेशन होणाऱ्या प्रत्येक बाईला, सरकारी असो वा खासगी, मराठीत एक पानाचा कागद द्या. त्यावर तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: काय काढलं, बीजांडकोश ठेवले की नाही, आणि हाडं, हृदय व दात यांची पुढं काय काळजी घ्यायची. कागद भिजतो, म्हणून तीच नोंद तिच्या आरोग्य खात्याच्या ऑनलाइन नोंदीतही ठेवा.

चाळिशीच्या आत बीजांडकोश काढलेल्या बाईशी हार्मोनच्या औषधाबद्दल बोलणं झालं की नाही, ह्याची सही घ्या. देणं न देणं डॉक्टरांच्या विवेकावर. बोलणं सक्तीचं.

ऊसतोडीला जाण्याआधीच्या आणि परतल्यानंतरच्या तपासणीत दाताचा रकाना घाला. दात किती, हलणारे किती, हिरडीतून रक्त येतं का, मिश्री आहे का. हे चार प्रश्न आशाताईही विचारू शकतात, त्यांना त्या कामाचा मोबदला देऊन. (हा शेवटचा भाग वाचताना डोळे मिटू नका.) परतल्यानंतरच्या तपासणीला दंतवैद्य आणा आणि तो दात काढायला नको, किटण काढायला आणा. एप्रिल ते सप्टेंबर बाया गावात असतात. चार काय, सहा फेऱ्या होतील.

पाळी गेलेल्या बाईचा ओपीजी काढलाच आहे, तर खालच्या जबड्याच्या खालच्या कडेची जाडीही मोजा. हे मला ठाऊक नव्हतं, त्या मुलीनं दाखवलं. हनुवटीच्या बाजूला जिथून नस बाहेर येते त्या छिद्राखाली हाडाची पांढरी पट्टी दिसते. ती तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल किंवा कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर बाकीच्या सांगाड्याचीही शंका घ्यावी आणि हाडांची घनता मोजायला पाठवावं. घनतेचं यंत्र तालुक्याला नाही, पण ओपीजी निघतो, चार-पाचशे रुपयांत. म्हणजे दाताच्या फोटोत मणक्याची सूचना मिळू शकते. माझी पट्टी पातळ होती. नंतर घनता मोजली, तर टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून निघणारा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५च्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं मानतात. माझा मणका मोडायच्या आधी हे कळलं, आणि ते कळलं दात दाखवायला गेले म्हणून.

हाडांचं इंजेक्शन देण्याआधी तोंडाची तपासणी झाल्याची नोंद सक्तीची करा. आणि कवळीसाठी साठ वर्षांची अट पिशवी काढलेल्या बायांपुरती तरी काढून टाका. केंद्राची योजना तुमच्या हातात नसेल तर राज्याची करा. आपल्या सरकारी दंत महाविद्यालयांत मुलं कवळ्या करायला शिकतातच, त्यांना शिकायला तोंडं लागतात. आमच्याकडे तोंडं भरपूर आहेत.

दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मंडळींनाही हात जोडून एकेक वाक्य. दातवाल्यांनो, चाळिशीच्या पुढच्या बाईला पाळीबद्दल विचारा, ती लाजेल, पण सांगेल. आणि पिशवीवाल्यांनो, ऑपरेशनआधी बाईला एकदा 'आ' करायला सांगा.

माझ्या स्वतःच्या बाबतीत म्हणाल तर मी आता बरी आहे. दर तीन महिन्यांनी हिरड्या साफ करून घेते, गोळ्या घेते, शाळेत चालत जाते. दोन दाढांच्या जागी काढता-घालता येणारा साधा पूल बसवलाय. पगार आहे म्हणून हे जमतं. मला माझ्यासाठी काही नको.

वहिनी ह्या वर्षीही गेली. मी नको म्हणत होते, पण उचल घेतलेली होती. जाताना टायरगाडीत बसल्यावर तिनं पदर तोंडावर धरूनच माझा निरोप घेतला, हल्ली ती तशीच हसते. आदल्या रात्री मी कंदिलासारखा मोबाइल धरून तिचे दात मोजले. वर सात, खाली नऊ, त्यातले चार हलतात. मिश्री सोडीन म्हणालीय. ब्रश दिलाय, आणि मऊ ब्रशनं हिरडीच्या कडेला कसं घासायचं ते पोरांना शिकवतो तसं दोनदा करून दाखवलंय.

ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येईल. तेव्हाचे फॉर्म छापायला टाकण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं. आल्यावर तिचे दात मी पुन्हा मोजणार आहे आणि आकडा तुम्हाला कळवणार आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा बीड